डायल-इन मोडेमवर लांब रिपोर्ट तुटतो, दुरुस्त केला तरी पुन्हा तुटतो: फ्लो कंट्रोल कुठे कुठे बघायचा

लक्षण असं. मोडेमने युनिक्स मशीनला फोन लावला की लॉगिन नीट होतं, छोट्या कमांडची उत्तरं नीट येतात. मोठी फाइल पडद्यावर काढली की सुरुवातीचा भाग स्वच्छ आणि पुढे नुसता अक्षरांचा चिवडा. कोणीतरी काहीतरी बदलतं, चार दिवस बरं चालतं, मग पुन्हा तेच. तुमच्याकडे असं होत असेल तर मधलं न गाळता वाचा. ही तक्रार परत येते ती एखादी जागा बघायची राहून गेल्यामुळेच.

कमांड मी इथे देवनागरीत लिहितोय. टाइप करताना त्या रोमन छोट्या अक्षरांत करायच्या. मोठं अक्षर लागतं तिथे तसं सांगितलंय.

आमचं ठिकाण म्हणजे दिंडोरी रोडने म्हसरूळ सोडून बरंच पुढे असलेलं द्राक्षांचं कोल्ड स्टोरेज. बारा चेंबर. आत एक लिनक्स मशीन आहे, ते दर तासाला प्रत्येक चेंबरचं तापमान लिहून ठेवतं. मालकांचं ऑफिस नाशिकमध्ये शरणपूर रोडला. तिथून रोज सकाळी मोडेमने फोन लावून आदल्या दिवसाचा रिपोर्ट बघतात. त्या शेडमध्ये मोबाइलचं नेट येतं-जातं, लँडलाइन मात्र टिकून आहे. द्राक्ष शून्य अंशाच्या आसपास ठेवायचं असतं. एखादं चेंबर रात्री वर चढलं आणि सकाळी कोणाच्या लक्षात आलं नाही, तर देठ सुकतात, मणी मऊ पडतात. तो माल कुणाच्या तरी वर्षभराच्या कष्टाचा असतो, म्हणून हा रिपोर्ट अर्धवट वाचून चालत नाही.

फेब्रुवारीत ऐन हंगामात ऑफिसातून फोन आला. "दादा, पहाटे चारपर्यंतचं सगळं बरोबर दिसतंय. पाचपासून पुढे नुसते तुकडे. सेन्सर गेले का?" स्टोरेजवरच्या काकांना विचारलं तर ते म्हणाले, "अहो, इथल्या पडद्यावर चोवीस तास नीट आहेत." दुसऱ्या दिवशीही पाच. तिसऱ्या दिवशीही पाच. मग साहजिकच सगळ्यांचा संशय पहाटे पाचच्या लाइटवर गेला. इलेक्ट्रिशियन येऊन कॉम्प्रेसरचं पॅनल उघडून गेला. त्यात तीन दिवस गेले.

असं रोज एकाच जागी तुटत असेल तर आधी एक साधी परीक्षा करा. तीच फाइल उलटी काढा. 'कॅट' ऐवजी 'टॅक' वापरलं की शेवटची ओळ आधी येते. आम्ही तसं केलं, तर रात्री बारापासून नऊपर्यंतचं स्वच्छ आलं आणि आठ वाजल्यापासून चिवडा सुरू झाला. म्हणजे घड्याळाचा काही संबंध नव्हता. अमुक इतकी अक्षरं गेली की तुटत होतं. एका तासाच्या बारा ओळी, चार तासांच्या अठ्ठेचाळीस, आणि पन्नाशीच्या आसपास गाडी घसरत होती.

पन्नासच का, याचा हिशेब सोपा आहे आणि तो कळला की पुढचं सगळं कळतं. मशीन मोडेमशी ११५२०० वेगाने बोलतं. एका अक्षराला स्टार्ट आणि स्टॉप धरून दहा बिट, म्हणजे सेकंदाला ११५२० अक्षरं. टेलिफोनच्या तारेवर दोन्हीकडे साधे मोडेम असतील तर जास्तीत जास्त ३३६००. ५६ हजारांचा वेग मिळायला एक टोक डिजिटल लागतं, ते इथे नाही. एरर करेक्शन चालू असलं की तारेवर स्टार्ट-स्टॉप बिट जात नाहीत, म्हणून ३३६०० मध्ये सेकंदाला साधारण ४२०० अक्षरं बसतात. मशीन ओततंय ११५२०, तोटी सोडतेय ४२००. उरलेली सात हजारांवर अक्षरं दर सेकंदाला मोडेमच्या बफरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठवणीत, साठतात. दोन किलोबाइटचा बफर धरला तर तो पाव सेकंदाच्या थोडं पुढे भरतो. तोवर मशीनने तीन हजारांवर अक्षरं दिलेली असतात. आमची ओळ साठ अक्षरांची. तीन हजार भागिले साठ, पन्नास.

बफर भरला की मोडेमने मशीनला "थांब" म्हणायचं आणि मशीनने ते ऐकायचं, एवढाच फ्लो कंट्रोल. सीरियल पोर्टवर त्याची हार्डवेअर पद्धत दोन तारांवर चालते. मोडेमला जागा नसली की तो सीटीएस खाली करतो. मशीनला जागा नसली की ते आरटीएस खाली करतं. सॉफ्टवेअर पद्धतीत तार लागत नाही. डेटामधूनच कंट्रोल-एस म्हणजे १९ क्रमांकाचं अक्षर पाठवून थांबवायचं आणि कंट्रोल-क्यू म्हणजे १७ पाठवून सोडायचं. डायल-इनसाठी हार्डवेअरच घ्या, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. कारण खाली सांगतो.

बरेच जण इथे एक पळवाट काढतात, आणि आमच्याही आधी कुणीतरी ती काढून गेलं होतं: पोर्टचा वेग ९६०० करून टाकायचा. मशीन सेकंदाला ९६०च अक्षरं देणार, तार ४२०० नेणार, बफर भरणारच नाही. चालतं. पण रिपोर्ट चार सेकंदांऐवजी अठरा सेकंद घेतो, कॉम्प्रेशनचा फायदा बुडतो, आणि पावसाळ्यात जॉइंटमध्ये पाणी शिरलं, लाइन खरखरायला लागली, मोडेम खालच्या वेगावर आले आणि तेच ते ब्लॉक पुन्हा पुन्हा पाठवायला लागले, की बफर ९६००लाही भरतो. मग लोक म्हणतात, "पावसात लाइन खराब होते हो." लाइन खराब झाली तर रिपोर्ट हळू यायला हवा. तुटायला नको.

आता तपासायचं कसं. पहिली कमांड, रूट म्हणजे मशीनचा मुख्य खातेदार होऊन:

कॅट /प्रॉक/टीटीवाय/ड्रायव्हर/सिरियल

आपल्या पोर्टच्या ओळीत चिपचं नाव, किती अक्षरं गेली आणि आली याचे आकडे, आणि शेवटी आरटीएस, सीटीएस, डीटीआर, डीएसआर, सीडी यांपैकी ज्या तारा आत्ता वर आहेत त्यांची नावं दिसतात. मध्ये 'ओई' आणि पुढे आकडा दिसला तर येणारी अक्षरं मशीनने वेळेत उचलली नाहीत, म्हणजे ओव्हररन झालाय. १६५५०ए चिपमध्ये सोळा अक्षरांची रांग असते, ११५२००ला ती दीड सेकंद नव्हे, दीड मिलिसेकंदाच्याही आत भरते. जुन्या १६४५०मध्ये तर रांगच नाही. ओई दिसत नसेल तर येणारी बाजू ठीक आहे. आमच्याकडे ओई नव्हतंच. आणि ते बरोबर होतं, कारण आमची अक्षरं मशीनकडून मोडेमकडे जाताना हरवत होती. ती मोडेमच्या पोटात हरवतात, मशीनला त्याचा पत्ता नसतो. ओई शून्य बघून "पोर्ट चांगला आहे" म्हणून पुढे जाऊ नका.

दुसरी कमांड:

एसटीटीवाय -एफ /डेव्ह/टीटीवायएस० -ए

यात -एफ मधला एफ मोठा, आणि टीटीवायएस मधला शेवटचा एसही मोठा. उत्तरात 'सीआरटीएससीटीएस' शोधा. त्याच्यामागे वजा असेल तर हार्डवेअर फ्लो कंट्रोल बंद आहे. आमच्याकडे वजा होता. मी तो चालू केला, रिपोर्ट काढला, आणि काहीही फरक पडला नाही.

इथे थांबून तारेकडे बघायला हवं, आणि त्यासाठी केबल उघडायच्या आधीची एक परीक्षा आहे. मोडेमचं बटण बंद करा आणि वरची पहिली कमांड पुन्हा द्या. मोडेम मेलेला असताना सीटीएस वर असूच शकत नाही. आमच्याकडे होता. याचा अर्थ तो सीटीएस मोडेमकडून येत नव्हता. केबलच्या नऊ पिनांच्या टोकाचं प्लास्टिक उघडलं. आत २, ३ आणि ५ या पिनांना लांब वायर होत्या, ४ आणि १ लाही होत्या. ७ आणि ८ यांच्यामध्ये मात्र नखाएवढा लाल वायरचा तुकडा आडवा सोल्डर केलेला, बस्स. म्हणजे मशीनचा आरटीएस मशीनच्याच सीटीएसला परत जात होता. मशीन स्वतःलाच विचारत होतं, "देऊ का?" आणि स्वतःच उत्तर देत होतं, "दे." अशा केबल निरुपयोगी नसतात, काही साध्या उपकरणांना त्या मुद्दाम लागतात. मोडेमला त्या लावल्या की फ्लो कंट्रोल सगळीकडे चालू दिसतो आणि प्रत्यक्षात नसतो.

नाशिकला येऊन नऊ वायरची शिल्डेड केबल घेतली आणि सरळ जोडणी केली. नऊ पिनांच्या बाजूचा ७ हा पंचवीस पिनांच्या ४ला, ८ हा ५ला. ३ हा २ला, २ हा ३ला, ५ हा ७ला, ४ हा २०ला, ६ हा ६ला, १ हा ८ला, ९ हा २२ला. मल्टिमीटरने एकेक वाजवून बघा, आणि शेजारच्या दोन पिना एकमेकींशी वाजत नाहीत हेही बघा.

केबल बदलली, मोडेमला एटी&के३ दिलं (त्याने मोडेमकडचा हार्डवेअर फ्लो कंट्रोल चालू होतो), पोर्टवर सीआरटीएससीटीएस चालू केलं आणि रिपोर्ट काढला. बाहेरच्या मोडेमवर सीएस लिहिलेला दिवा असतो, तो सीटीएसचा. आधी तो सगळा वेळ ठोसपणे पेटलेला असायचा. आता लांब रिपोर्ट सुरू झाला की तो लुकलुकायला लागला: पेटला, विझला, पेटला, विझला, तारेच्या चालीने. २८८ ओळी पूर्ण आल्या. हा दिवा बघायची सवय लावून घ्या. लांब मजकूर जाताना सीएस लुकलुकत असेल तर मोडेम थांब म्हणतोय, आणि पुढचं अक्षर गळत नसेल तर मशीन ऐकतंय.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा फोन. "दादा, परत पाच."

कारण गेटी, म्हणजे पोर्टवर वाट बघत बसून लॉगिन विचारणारा प्रोग्राम. एसटीटीवायने केलेला बदल त्या चालू लॉगिनपुरता टिकतो. माणूस बाहेर पडला की गेटी नव्याने उभं राहतं आणि पोर्टची मांडणी आपल्या पद्धतीने पुन्हा लावतं. लिनक्सवरचं एगेटी -एच हा पर्याय दिल्याशिवाय हार्डवेअर फ्लो कंट्रोल चालू करत नाही. सिस्टिमडी (लिनक्सवर असे प्रोग्राम सुरू करून देणारी व्यवस्था) बरोबर येणाऱ्या सिरियल-गेटीच्या मूळ ओळीत तो नसतो, कारण ती ओळ कन्सोलच्या केबलसाठी लिहिलेली आहे. त्यामुळे

सिस्टिमसीटीएल एडिट सिरियल-गेटी@टीटीवायएस०

असं करून त्यात हे लिहायचं:

[सर्व्हिस]
एक्झेकस्टार्ट=
एक्झेकस्टार्ट=-/एसबिन/एगेटी -एच -८ -आय 'एटीई०क्यू१&के३&सी१&डी२एस०=१\०१५' ११५२०० टीटीवायएस० व्हीटी१००

कंसातल्या शब्दाचं पहिलं अक्षर मोठं, 'एक्झेकस्टार्ट'मधली पहिलं ई आणि मधलं एस मोठं, -एच छोटा, -आय मोठा. रिकामी एक्झेकस्टार्ट ओळ विसरू नका, ती मूळ ओळ पुसते. -आयच्या पुढची ओळ गेटी प्रत्येक वेळी मोडेमला ऐकवतं. ई० आणि क्यू१ यांनी मोडेम गप्प राहतो. नाहीतर मोडेमने पाठवलेलं 'रिंग' गेटी लॉगिनचं नाव समजतं आणि पासवर्ड विचारत बसतं. &सी१मुळे समोरचा मोडेम खरोखर जोडलेला असतानाच कॅरियर दिसतो, &डी२मुळे मशीनने डीटीआर (मशीन तयार आहे हे सांगणारी तार) सोडला की फोन ठेवला जातो, एस०=१ म्हणजे पहिल्या रिंगला उचल. -एल (मोठा) कधीही देऊ नका. त्याने मशीन कॅरियरकडे बघणं सोडतं आणि एकाचं तुटलेलं लॉगिन पुढच्या फोनवाल्याच्या हाती पडू शकतं. मोडेमसाठीच गेटी निवडायचं असेल तर एमगेटी जास्त बरं. त्यात डेटासाठी हार्डवेअर फ्लो कंट्रोल मूळपासून धरलेला आहे, आणि रिंग आल्यावर ते स्वतः फोन उचलतं.

खात्री करायची ती नवं लॉगिन करून, आतून 'एसटीटीवाय -ए' देऊन. सीआरटीएससीटीएसच्या मागचा वजा गेलेला दिसला पाहिजे.

त्याच उत्तरात 'आयएक्सऑन' आणि 'आयएक्सऑफ' वजाशिवाय दिसतील. एगेटी सॉफ्टवेअर फ्लो कंट्रोल स्वतःहून चालू करून देतं आणि तो बंद करणं पुढच्या प्रोग्रामवर सोडतं. नुसत्या वाचनाला हरकत नाही, पण बायनरी फाइल पाठवताना १७ आणि १९ ही अक्षरं डेटामध्येच येतात आणि लाइन मध्येच थिजते. झेडमोडेम ही फाइल पाठवायची पद्धत ती अक्षरं स्वतः झाकून पाठवते, सगळे प्रोग्राम पाठवत नाहीत. मराठी मजकुराला यात एक जास्तीचा धोका आहे. यूटीएफ-८मध्ये (देवनागरी साठवायची नेहमीची पद्धत) 'ओ'चा तिसरा बाइट १४७ आणि 'ऑ'चा १४५. पोर्ट सात बिटांवर पडला किंवा 'इस्ट्रिप' चालू राहिलं की वरचा बिट कापला जातो: १४७ वजा १२८ म्हणजे १९, १४५ वजा १२८ म्हणजे १७. पलीकडून कोणी 'ओझर' टाइप केलं की मशीन ते कंट्रोल-एस समजून गप्प बसतं, आणि 'ऑर्डर' टाइप केलं की पुन्हा बोलायला लागतं. बाकीची अक्षरं बिघडतातच, पण 'ओ' आला की लाइनच थांबते. म्हणून वरच्या ओळीत -८ आहे, आणि डायल-इनवाल्यांच्या प्रोफाइलमध्ये मी 'एसटीटीवाय -आयएक्सऑन -आयएक्सऑफ -इस्ट्रिप' घातलंय.

यानंतर आठ दिवस सगळं शांत. नवव्या दिवशी दिंडोरी पट्ट्यात रात्री लाइट गेली, आणि सकाळी पुन्हा पाच. मशीन यूपीएसवर होतं, मोडेमचा अडॅप्टर मात्र भिंतीच्या साध्या प्लगमध्ये. त्या वेळी -आयची ओळ मी अजून घातली नव्हती, आणि एटी&के३ दिलं होतं ते साठवलं नव्हतं. लाइट आल्यावर मोडेम आपल्या जुन्या साठवलेल्या प्रोफाइलवर उठला, त्यात फ्लो कंट्रोल बंद होता. मशीन सीटीएसकडे बघतंय, मोडेम थांब म्हणतच नाही. -आयची ओळ असती तरीही ही भीती उरतेच, कारण गेटी आधीच वाट बघत बसलेलं असेल तर मोडेम मधेच बंद-चालू झाल्याचं त्याला कळत नाही. ते मोडेमला पुन्हा काही ऐकवत नाही.

म्हणून मोडेममध्ये साठवायलाच हवं. आधी गेटी थांबवा, सिस्टिमसीटीएल स्टॉप देऊन, नाहीतर दोघं एकाच पोर्टवर ओढाताण करतील. मग 'मिनिकॉम -ओ', म्हणजे मोडेमशी थेट बोलायचा प्रोग्राम. तो -ओ महत्त्वाचा. त्याशिवाय मिनिकॉम सुरू होताना मोडेमला आपली ओळ ऐकवतं, त्यात एस०=० असतं. ते तसंच साठवलं गेलं तर मोडेम फोन उचलणंच बंद करतो आणि तुम्ही फ्लो कंट्रोलच्या नावाने शोधत बसता. आत गेल्यावर एटी&एफ, मग एटी&के३&सी१&डी२एस०=१, मग एटी&व्ही देऊन प्रत्येक आकडा डोळ्यांनी वाचा, आणि मगच एटीई०क्यू१&डब्ल्यू. हा क्रम ठेवा, कारण क्यू१नंतर मोडेम 'ओके'सुद्धा म्हणत नाही. ज्या मोडेममध्ये दोन प्रोफाइल असतात तिथे &वाय०ही द्या, लाइट आल्यावर कोणतं उचलायचं ते त्यावर ठरतं. &के३ रॉकवेल जातीच्या चिपवर चालतं. यूएस रोबोटिक्सच्या मोडेमवर त्याऐवजी &एच१&आर२ द्यावं लागतं, आणि वेग बांधून ठेवायला &बी१.

मग खरी परीक्षा. मोडेमचा प्लग ओढा, दहा सेकंद थांबा, लावा. मशीनला हात लावू नका. बाहेरून फोन लावा, रिपोर्ट कॅटने काढा, मग टॅकने काढा.

लिनक्स नसेल तर जागा बदलतात, हिशेब तोच. फ्रीबीएसडीवर प्रत्येक पोर्टला शेवटी '.इनिट' आणि '.लॉक' असलेली उपकरणं असतात. उघडताना मिळणारी मांडणी इनिटवर लावायची, आणि कोणी बदलू नये असं वाटलं तर लॉकवर. जुन्या एससीओवर पोर्टच्या नावाचं शेवटचं अक्षर छोटं असेल तर मोडेम कंट्रोल नाही, मोठं असेल तर आहे, आणि वेगांची मांडणी गेटीडेफ्सच्या फाइलमध्ये. पीपीपी (फोनच्या लाइनवरून नेटवर्क जोडायची पद्धत) चालवत असाल तर पीपीपीडीच्या ऑप्शनमध्ये 'मोडेम' आणि 'सीआरटीएससीटीएस' दोन्ही लिहा, 'असिंकमॅप ०' ठेवा. काही कारणाने सॉफ्टवेअर फ्लो कंट्रोलच वापरावा लागला तर 'असिंकमॅप ०००ए००००' द्यायचं, त्याने नेमकी १७ आणि १९ ही दोन अक्षरं झाकली जातात.

आमच्या मोडेमचा अडॅप्टर आता यूपीएसवर आहे. साठवलेली ओळ, केबलच्या नऊ जोडण्या आणि तारीख मी कागदावर लिहून मोडेमच्या खालच्या बाजूला पारदर्शक टेपने चिकटवलीय. काकांना सीएसचा दिवा दाखवून ठेवलाय. सकाळी ऑफिसचा फोन आला की ते स्वतःच जाऊन बघतात, आणि दिवा लुकलुकत नसेल तर मला कळवतात.